येसूवहिनींची धाकटी

चैत्रातला तिसरा शुक्रवार. चैत्रगौरीचं हळदीकुंकू, आमच्याच घरी, ऊन उतरल्यावर. हजर : समोरच्या ताईसाहेब, वयानं आणि मानानं पहिल्या, दुर्गाकाकू आणि त्यांची नवी सून, शेजारची जशीबेन, सासूला घेऊन, शाळेतल्या दोन मास्तरीणबाई, ज्या आंब्याची डाळ दोनदा घेतात, आणि उरलेली पोळ, म्हणजे आमची सारी गल्ली. गैरहजर : येसूवहिनी.

येसूवहिनींनी आमची पोळ सोडली त्याला बरीच वर्षं झाली. तरी गैरहजरांत त्यांचं नाव मी लिहिते, कारण दर हळदीकुंकवाला कोणी ना कोणी ते काढतंच. यंदा ताईसाहेबांनी काढलं. दुर्गाकाकूंची सून कुंकू लावून घ्यायला वाकली, तशी ताईसाहेबांनी तिची हनुवटी धरून कान खिडकीकडे वळवला.

"धाकटी ना गं ही? बरी आहे. पण बसली नाही. येसूनं निवडली असती तर मी विचारलंसुद्धा नसतं."

सून कानापर्यंत लाल झाली. मी पन्ह्याचा पेला जरा जोरात ठेवला.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही म्हणून सांगते. बडोद्यात वाडीतल्या आमच्या या पोळेत हिऱ्याच्या कुडीला कोणी 'खोटी' म्हणत नाही. सवाष्णीच्या कानातल्या वस्तूला खोटं म्हणायचं कसं? म्हणून खऱ्या हिऱ्यांची ती थोरली, आणि काचेची किंवा पांढऱ्या पुष्कराजाची ती धाकटी. थोरली पेटीत राहते, लग्नामुंजीला निघते. धाकटी आगगाडीच्या प्रवासाला, जत्रेला, दसऱ्याच्या स्वारीच्या गर्दीत. ज्यांच्या घरी थोरली आहे त्यांच्या घरी धाकटी असतेच. ज्यांच्या घरी थोरली नाही त्यांच्याही घरी धाकटी असते. कोणाकडे काय आहे हे विचारायची रीत नाही. फक्त धाकटी अशी हवी की थोरलीची सख्खी बहीण वाटावी. ती तशी निवडणं पोळेत एकाच बाईला जमत असे.

ती बाई मी नव्हे. मला येसूवहिनींचा हेवा वाटायचा, अजून वाटतो, आणि तो लपवून त्यांच्याविषयी लिहायला मी काही सभेत मानपत्र वाचत नाही.

माझं असं आहे की मी कामाची बाई आहे. घरात कोणती वस्तू कुठं आहे हे मला अंधारात सांगता येतं. हळदीकुंकवाला कोण आलं, कोणाची ओटी भरायची राहिली, लोणच्याची कुठली बरणी आधी काढायची, सगळं कागदावर. आमचे हे हुजूर कचेरीत, पण कचेरीपेक्षा शिस्त माझ्या घरात जास्त, असं हेच म्हणत. उलट येसूवहिनींच्या घरी मिठाच्या बरणीत हळदीचा चमचा. किल्ल्यांचा जुडगा कधी देवघरात, कधी पाण्याच्या माठाखाली. पाहुणा आला की पाट शोधायचा. तरी संध्याकाळी अर्धी पोळ त्यांच्या ओट्यावर, आणि माझी कमळही तिथंच.

कमळ म्हणजे माझी मुलगी, एकुलती एक. येसूवहिनींना दोन मुलगे, दोघंही लहानपणापासून घोड्यांच्या पाठीवर, मुलगी नाही. कमळ शाळेतून आली की दप्तर आमच्याकडे टाकायची आणि बातमी त्यांच्याकडे सांगायची. कोणाशी भांडण झालं, बाईंनी कुणाला उभं केलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळायचं, तेही येसूवहिनींकडून. "अहो यादीबाई," त्या ओट्यावरून हाक मारायच्या, "तुमच्या पोरीनं काल गणितात पहिला नंबर काढला. यादीत घेतलंत का?"

यादीबाई हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पोळेनं ते उचललं. आता जशीबेनची नातवंडंसुद्धा मला तेच म्हणतात.

येसूवहिनी म्हणजे उंच, रुंद हाडाची बाई. आवाज परेडच्या मैदानावरचा. नऊवारी गुडघ्याच्या जरा वर, कारण सतत काहीतरी उचलायचं असायचं. एक खोड अशी की बोलताना त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघत नसत, कानांकडे बघत. नव्या माणसाला वाटायचं कानाला काही लागलंय. मी कितीदा बोलताना पदरानं कान पुसलाय.

त्यांचे यजमान जमादार. सरकारच्या जवाहिरखान्यावर त्यांचा पहारा असायचा, म्हणून लोक म्हणत, बाईची नजर तिथून तयार झाली. कोणी तसं तोंडावर म्हणालं की येसूवहिनी हसायच्या. "आमचे हे दाराला पाठ लावून उभे राहतात. हिरे पाठीमागे. पाठीला डोळे असते तर मीच पहाऱ्याला गेले असते."

त्यांच्या कानांत कायम एक सात खड्यांची कुडी. थोरली की धाकटी, कोणालाच माहीत नव्हतं. विचारायचं नाही ही रीत, आणि शिवाय बघून विचारावंसं वाटत नसे. कुडी त्यांच्या कानांत अशी होती, जसा त्यांच्या हनुवटीवर तीळ होता.

दुर्गाकाकूंना एकदा धाकटी घ्यायची होती तेव्हा मी त्यांच्या आणि येसूवहिनींच्या बरोबर घडियाळी पोळेत गेले होते. खरं तर मला कोणी बोलावलं नव्हतं. पण ही विद्या कशी असते ते बघावं, नीट लिहून काढावं, म्हणजे पुढं कोणाची गरज नको, हा माझा विचार. दुकान मणिलाल झवेऱ्याचं. जाजमावर गादी, गादीवर मणिलाल, आणि त्याच्या डोक्यावर मोठा आरसे लावलेला दिवा.

"आवो, आवो येसूबेन," तो उठून बसला. आम्हा दोघींकडे त्यानं नुसती मान हलवली.

त्यानं तबक पुढं केलं. मखमलीवर पुष्कराजाचे खडे, एकाहून एक लखलखीत. दुर्गाकाकूंनी लगेच हात घातला. येसूवहिनींनी तबक उचललं आणि सरळ दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या, रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायाशी.

"बेन, अंदर बेसो ने!"

"आत तुमचा दिवा बोलतो, मणिलालभाई. मला खड्याचं ऐकायचंय."

पायरीवरच्या सावलीत त्यांनी एकेक खडा हाताच्या मागल्या बाजूवर ठेवला. काही लगेच परत. "हा फार बोलतो." "हा पाहुण्यांसमोर बरा, घरात नको." मग त्यांनी दुर्गाकाकूंकडे वळून भलतेच प्रश्न सुरू केले. डोक्याला तेल रोज लावता की न्हाण्याच्या दिवशी? केस कानांवर येतात? हसताना मान मागं जाते की खाली?

"अहो वहिनी, कुडी घ्यायला आलोय, सोयरीक जमवायला नाही," दुर्गाकाकू म्हणाल्या.

"हसते कशी ते कळल्याशिवाय कुडी कशी घेऊ? मान मागं टाकून हसणारीच्या कानावर उजेड वरून पडतो. तिला झगमगीत खडा दिला की गावभर कळतं. तुम्ही खाली बघून हसता. तुम्हाला थोडा झगमगीत चालेल."

शेवटी त्यांनी एका कानाचे सहा खडे जमवले आणि सातवा असा उचलला की त्यात जरा पिवळट झाक होती. मणिलालनं कपाळाला हात लावला. "बेन, आमां तो खोट छे! ए तो हुं काढी नाखवानो हतो." खोट असलेला तो खडा तो टाकूनच देणार होता.

"तोच द्या. सात बहिणी एकसारख्या दिसल्या तर कोणाचा विश्वास बसेल? जुन्या घरच्या हिऱ्यांत एखादा मंद असतोच. आणि मागची बाजू, मळसूत्र, सगळं सोन्याचं करा. पुढून कुडी जग बघतं, मागून सासू."

मी विचारलं, "आणि फुंकर मारून बघतात ते? खऱ्या हिऱ्यावरची वाफ लगेच जाते, काचेवर राहते म्हणतात."

"जाते की. पण यादीबाई, तुमच्या कानावर फुंकर मारायला कोण येतंय? आणि जो येईल तो हिरा बघायला येणार नाही."

दुर्गाकाकू पदरात तोंड घालून हसल्या. मणिलालसुद्धा. मी घरी येऊन सगळं लिहून काढलं : सावली, हाताची मागची बाजू, एक मंद खडा, सोन्याची पाठ. जे लिहिता आलं नाही ते त्यांचं परतताना बोललेलं वाक्य. दुर्गाकाकूंनी विचारलं होतं, "ही खरी दिसेल ना हो?" तर त्या म्हणाल्या, "खरी दिसायला नकोच. तुमची दिसायला हवी."

हे यादीत कुठं बसवायचं?

दसऱ्याला आम्ही सगळ्या गच्चीवरून स्वारी बघायला जमायचो. महाराजांचा हत्ती समोरून गेला की बायका जवाहिरांच्या तेजानं डोळे मिटायच्या. एका वर्षी कमळनं विचारलं, "येसूमावशी, तो हार खराच आहे ना?" त्या म्हणाल्या, "खराच. पण पोरी, उद्या सरकारांनी शेंगदाण्यांची माळ घातली तरी लोक म्हणतील, असे हिरे पाहिले नाहीत." कमळ इतकी हसली की मला तिला कठड्यापासून मागं ओढावं लागलं. मान मागं टाकून हसते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. येसूवहिनींच्या आधीच आलेलं असणार.

आता माझी कुडी. ती थोरली. माझ्या सासूबाईंची, त्यांच्या सासूबाईंची, खड्यांना पाणी असं की जाणकारानं थांबावं. मी ती वर्षातून दोनचारदा घालायची, आणि घातली की मला ती घातल्याचं कळायचं. मळसूत्र ढिलं तर झालं नाही ना, म्हणून हात जायचा. पदर अडकू नये म्हणून मान ताठ. एका हळदीकुंकवाला मी ती घालून ताईसाहेबांना वाण द्यायला वाकले. त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं, हळूच माझा हात दाबला आणि माझ्यापुरतं म्हणाल्या, "धाकटी छान जमलीय हो. घाबरू नकोस, कोणाला कळत नाही."

आणि लगेच शेजारी बसलेल्या येसूवहिनींना, सगळ्यांना ऐकू जाईल असं : "तुझी ही आजेसासूची ना गं? जुन्या वस्तूची गोष्टच वेगळी."

येसूवहिनींनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "ताईसाहेब, तुम्ही पन्हं घ्या, गरम होतंय," एवढंच. त्या खोटं बोलत नसत. मला ते जास्त लागलं. खोटं बोलल्या असत्या तर निदान तेवढं तरी मला त्यांच्यावर धरता आलं असतं.

कमळचं लग्न ठरलं ते इंदूरला. चांगलं घर, पण मोठं, बारीक नजरेचं. तिला मी माझी थोरली देणार होते. ते तिच्या जन्मापासून ठरलेलं. प्रवासासाठी धाकटी हवी. कमळ म्हणाली, "मी येसूमावशीला सांगून आलेय. मंगळवारी मणिलालकडे जाणार आहे ती."

"काही गरज नाही," मी म्हटलं. "माझ्या मुलीची कुडी मी निवडीन."

कमळ चपला घालून बाहेर पडली. ओट्यावर जाऊन बोलली असेल.

मी एकटी गेले. पायरीवर बसले, लोकांच्या पिशव्या अंगाला लागल्या तरी उठले नाही. सावलीत बघितले, हातावर ठेवून बघितले. मंद खडा मात्र घेतला नाही. माझ्या मुलीच्या लग्नाला जाणूनबुजून डाग असलेला खडा घ्यायचा? माझ्या हातून झालं नाही. दोन्ही कानांना सात सात खडे निवडले, एकसारखे, निर्मळ, मोठे. मणिलाल खूश झाला. मी आजही म्हणते, खडे म्हणून ते खडे त्या तबकात सर्वांत चांगले होते.

सीमांतपूजनाला पोळेच्या तोंडाशी मांडव. गॅसबत्त्या वर टांगलेल्या. थोरली दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला घालायची म्हणून पेटीत, कमळच्या कानांत धाकटी. ती पाटावर बसली, कुणीतरी चेष्टा केली, ती मान मागं टाकून हसली. आणि दोन्ही कान असे पेटले की मांडवातल्या बत्त्या मागं पडल्या.

इंदूरच्या विहीणबाई जरीच्या शालूत, शांतपणे बघत होत्या. मग गोड आवाजात म्हणाल्या, "कुडी काय झळकतेय हो! बडोद्याला काचकाम चांगलं होतं, असं ऐकलं होतं."

त्यांच्याकडच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आमच्याकडच्या पदर सारखे करू लागल्या. कमळचं हसू तसंच ओठांवर राहिलं, आत काही नसलेलं. मला पुढचं सगळं दिसलं. एकदा वरपक्षाच्या मनात 'खोटी' हा शब्द बसला, की उद्या मुहूर्ताला घातलेली माझी थोरलीही खोटीच ठरणार, आणि पोर त्या घरात जन्मभर खोट्या कुडीची सून म्हणून राहणार. मी म्हणणार होते, खरी आत आहे. पण असं आईनं म्हणायचं म्हणजे ऐकणाऱ्याची खात्रीच पटायची.

येसूवहिनी मागं विडे लावत होत्या. हाताला चुना तसाच घेऊन पुढं आल्या.

"काच नाही, विहीणबाई, पुष्कराज. धाकटी आहे ती. आमच्याकडे मुहूर्ताआधी थोरली कानात घालत नाहीत. अक्षतांच्या वेळीच पहिल्यांदा दिसायची, अशी रीत आहे."

अशी काही रीत नव्हती. ती त्या क्षणी झाली. आता मात्र पोळेत सगळे ती पाळतात आणि पूर्वापार म्हणून सांगतात.

विहीणबाईंनी भुवई उचलली. येसूवहिनी त्यांच्या कानाकडे बघत होत्या, जरा जवळ वाकून, एखादं चांगलं विणकाम बघावं तशा.

"आणि तुम्हीही धाकटीच घालून आलात ते शहाणपणाचं केलंत. गाडीचा प्रवास. पण काय निवडलीय हो! उजवीकडचा खालचा खडा मुद्दाम मंद ठेवलाय ना? मी असते तर तोच ठेवला असता."

विहीणबाईंचा हात कानाकडे गेला. इंदूरकडची एक बाई खोकली. मला वाटलं, संपलं. आता वऱ्हाड उठतं.

विहीणबाई हसल्या. आधी नाकातून, मग मोठ्यानं. "बाई, बाई! सासूनं ओळखली नाही हो माझ्या, जन्मभरात. थोरली घरी आहे, बरं का."

"असणारच," येसूवहिनी म्हणाल्या. तो शब्द त्यांनी असा उच्चारला की तिथं कोणाला शंका घ्यायला जागाच उरली नाही. "ओळखणारी भेटली, आता तोंड गोड करा," म्हणून विडा पुढं केला.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडताना कमळच्या कानांत माझी थोरली होती. विहीणबाईंनी एकदा बघितली आणि मान डोलावली. तेवढ्यासाठी मी वीस वर्षं ती कुडी जपली होती असं म्हटलं तरी चालेल. पण मान डोलावून त्या वळल्या त्या येसूवहिनींकडे. पंगत उठेपर्यंत दोघी डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या. खड्याखाली चांदीचा पत्रा घालावा की नुसतं सोनं, यावर. माझ्या व्याह्यांकडे येसूवहिनींची इतकी चौकशी होते की मुलगी त्यांच्या घरून दिली की माझ्या, असं वाटावं.

पोरीची लाज राखली गेली. ती मी राखली नव्हती. आभार मानायला मी त्यांच्या ओट्यावर गेले, तेव्हा त्या किल्ल्या शोधत होत्या. मीच त्या माठाखालून काढून दिल्या आणि परत आले.

वऱ्हाड निघालं तेव्हा टांग्यात बसलेल्या कमळच्या पदराला मी पिन लावत होते. तिच्या कानाकडे लक्ष गेलं. सात खडे, त्यांतला एक जरा मंद. मी ती कुडी ओळखली. रोज समोरच्या ओट्यावर बघत आलेली.

"ही कुठली?"

"येसूमावशीची," ती म्हणाली. "अदलाबदल केली आम्ही. थोरली पेटीत आहे गं, आई. तुझी धाकटी तिनं घेतली."

मला काही बोलता येण्याआधी टांगा हलला. पोर मान मागं टाकून रडत होती, आणि तिच्या कानांवर उजेड पडत होता, आणि कोणाला काही वेगळं दिसलं नसतं. बडोद्याच्या एका घरची मुलगी सासरी चाललीय, एवढंच.

येसूवहिनींच्या कुडीविषयीची सगळी पोळेची शंका अशी माझ्यापुरती मिटली. प्रवासाला दिली, म्हणजे ती धाकटीच होती. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कोणी मानलं नसतं.

कारण पुढच्या चैत्रात त्या माझ्या घरी हळदीकुंकवाला आल्या त्या मी निवडलेली कुडी घालून. तीच. सात खडे, एकसारखे, मोठे, निर्मळ. माझ्या मुलीच्या कानांत मांडवभर ओरडलेली. मी वाट बघत होते. ताईसाहेबांनी हनुवटी धरली, कान खिडकीकडे वळवला.

"नवी केलीस का गं येसू? जमादारांना बढती मिळालेली दिसते. काय पाणी आहे!"

येसूवहिनी डाळ खात होत्या. डाळीचा एक कण मिशीला लागावा तसा त्यांच्या बटेला चिकटला होता, मोहरीची फोडणी गालाला, आणि त्यांना दोन्हींचा पत्ता नव्हता. "यादीबाईंनी निवडलीय," त्या म्हणाल्या. "त्यांना विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ताईसाहेब म्हणाल्या, "हिला? हिला बाई जन्मात जमलं नसतं."

येसूवहिनी इतक्या हसल्या की पेला सांडला. मीही हसले. काय करणार होते?

जमादार पेन्शनीत गेले आणि मुलाची बदली अमरेलीला झाली, तेव्हा त्यांनी पोळ सोडली. स्टेशनवर मी गेले होते, सामानाचा हिशेब करायला. त्यांच्या बोचक्यांची संख्या त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. माझ्यामुळे एक ट्रंक फलाटावर राहता राहता वाचली. खिडकीपाशी उभी राहून मी शेवटी तो प्रश्न विचारला, जो आमच्यात कोणी कोणाला विचारत नाही.

"येसूवहिनी, तुमची थोरली कुठं आहे हो?"

नेहमीप्रमाणे त्या माझ्या कानाकडे बघत होत्या. मग पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडे बघितलं.

"माझ्याकडे थोरली कुठली? कमळला विचारा, थोरली कोण ते. मी धाकटी." आणि माझ्या हातावर हात ठेवून, "धाकटीला थोडी मिरवू दिलीत, यादीबाई, आणखी काय हवं!"

गाडी हलली. फलाटावरचं ऊन त्यांच्या कानांवरून सरकत गेलं. माझी निवड. ती त्यांच्या कानांत इतकी त्यांची दिसत होती, की धावत जाऊन परत मागावीशी वाटली. डबा वळेपर्यंत त्या हात हलवत होत्या; दुसऱ्या हातानं काहीतरी शोधत होत्या, किल्ल्याच असणार. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. अमरेलीलाच वारल्या.

कमळचं कार्ड आलं ते गेल्याच फाल्गुनात. छबीचे, माझ्या नातीचे, कान आता कुडीचं वजन पेलतील, लहानशी एक धाकटी हवी. शेवटी लिहिलं होतं : आई, तूच निवड. दुसऱ्या कोणाला सांगू नकोस.

इतक्या वर्षांनी आलेलं हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते लिहीत नाही. दुसऱ्याच दिवशी घडियाळी पोळेत गेले. मणिलाल थकलाय, पण तबक तेच. मी ते उचलून पायरीवर बसले. सावलीत, हाताच्या मागल्या बाजूवर, एकेक. या वेळी मंद खडाही घ्यायची तयारी होती. खडे सगळे चांगले होते. सगळे सारखेच चांगले होते. एकही काही बोलेना.

"बेन, छोकरी केवी छे?" मणिलालनं आतून विचारलं. पोरगी कशी आहे?

मी सांगायला तोंड उघडलं. रंग आईसारखा. केस दाट, असं कार्डात होतं. हसताना मान मागं टाकते की खाली बघते? छबीला मी पाहिलं ते तिच्या बारशाला, आणि तेव्हा ती सबंध वेळ रडत होती.

तबक परत केलं. ती पायरी त्यानंतर आणखी दोनदा चढून उतरले.

चैत्राची कामं आजच्या हळदीकुंकवानं उरकली. गौरीची आरास, डाळ, पन्हं, ओट्या, मास्तरीणबाईंना डब्यातून दिलेली डाळ, सगळ्यांवर रेघ मारली. खाली एकच ओळ उरलीय : छबीची धाकटी. तिच्या वर बारीक अक्षरात, दोन ओळींच्या फटीत, मी आज आणखी एक घुसवली : आधी इंदूरला जाणे. या दोहोंवर रेघ अजून नाही.